कशावरून? म्हणून काय? : आठवी ते दहावीच्या मुलांना मुद्देसूद वैचारिक निबंध शिकवताना

कोकणातल्या मुलांना वाद घालायला शिकवावं लागत नाही. जेटीवर लिलाव चालू असताना, एसटीच्या मागच्या बाकावर, आरती झाल्यावर ओटीवर, कुठेही ऐका. समोरच्याचं वाक्य तिथल्या तिथे पकडतात, "कशावरून बोलतोस?" असं विचारतात, उदाहरण देतात. तीच मुलं वर्गात वैचारिक निबंध लिहायला बसली की "आजच्या विज्ञानयुगात" अशी सुरुवात करतात आणि "हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे" असा शेवट करतात. मधल्या ओळींत त्यांचं स्वतःचं म्हणून काहीच नसतं.

याला मुलं जबाबदार नाहीत. आपण देतो ते विषय आणि लिहून घेण्याची आपली पद्धत याला कारणीभूत आहे. दहावीच्या मराठीच्या पेपरात वैचारिक लेखन असतं, म्हणून आपण नमुना निबंध फळ्यावर लिहितो आणि मुलं तो पाठ करतात. विचार करणं मात्र राहूनच जातं. महिन्यात चार निबंध लिहून घेण्यापेक्षा एकच निबंध चार वेळा लिहून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आठवड्याला दोन तासिका मिळाल्या तर महिनाभरात पुढचं सगळं बसतं.

विषय असा निवडा ज्याला दुसरी बाजू आहे

'झाडे लावा, झाडे जगवा' या विषयावर वाद होऊच शकत नाही. झाडं लावू नका असं म्हणणारा माणूस आणायचा कुठून? विषयाची एक सोपी चाचणी आहे : याच्या विरुद्ध बोलणारा समंजस माणूस आपल्या पंचक्रोशीत सापडेल का? सापडत असेल तर विषय चालेल.

आपल्या किनारपट्टीवर असे विषय पावलोपावली आहेत. पर्ससीन मासेमारी (माशांच्या अख्ख्या थव्याला वेढून तळ आवळणाऱ्या मोठ्या जाळ्याची) किनाऱ्याजवळ पूर्ण बंद करावी का? गावासमोर धूपप्रतिबंधक बंधारा बांधावा, की पुळण (वाळूचा किनारा) मोकळी ठेवावी? देवराईत वादळाने पडलेलं झाड देवळाच्या जीर्णोद्धारासाठी विकावं, की तिथेच कुजू द्यावं? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून कासवांची अंडी राखण्याचं काम चाललं आहे आणि पिल्लं समुद्रात जाताना पाहायला पर्यटक येतात. त्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असावी का? कातळशिल्पांभोवती कुंपण घालून तिकीट लावावं का? कमी पटाची वाडीतली शाळा दुसऱ्या शाळेत मिळवावी का?

विषय प्रश्नाच्या रूपात द्या. 'पर्ससीन मासेमारी : एक समस्या' असं शीर्षक दिलंत तर उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. गावातला विषय घेण्याचा आणखी एक फायदा आहे. मोबाइलवरून तयार निबंध उतरवून आणणाऱ्या मुलालाही इथे उतरवायला काही मिळत नाही, कारण त्याच्या वाडीतल्या साकवाची (ओढ्यावरच्या छोट्या पुलाची) माहिती कोणत्याच मोबाइलवर नाही.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. पर्ससीनच्या मालकाची मुलगी आणि रापणीतल्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या, माणसाची मुलगी एकाच बाकावर बसतात. पहिल्याच तासाला नियम सांगा : कोणत्याही नौकेचं, माणसाचं, पक्षाचं नाव घ्यायचं नाही, मुद्द्यावर बोलायचं. आणि आपलं मत आपण सांगायचं नाही. सरांना काय आवडतं हे एकदा कळलं की अख्खा वर्ग त्याच बाजूने लिहितो.

आधी बोलू द्या, घरच्या बोलीत

पहिल्या तासाला वही उघडू नका. बाकं बाजूला सरकवा. खिडकीकडची भिंत म्हणजे 'पूर्ण सहमत', दाराकडची भिंत म्हणजे 'अजिबात नाही'. प्रश्न वाचा आणि मुलांना आपापल्या जागी उभं राहू द्या. मधे उभी राहणारी मुलंही हवीतच, पुढे त्यांचेच निबंध बहुधा जास्त चांगले होतात.

मग बोलणं सुरू. अट एकच : उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि त्याने "हो, मला हेच म्हणायचंय" असं म्हटल्यावरच पुढे जायचं. या एका अटीने वर्गातला गोंगाट निम्मा होतो आणि ऐकण्याची सवय लागते. पंधरा मिनिटांनी बाजू उलटवा. खिडकीकडच्यांनी दाराची बाजू मांडायची.

इथे प्रमाणभाषेचा आग्रह धरू नका. "पर्ससीनवालो एका फेरीत सगळो बांगडो उचलता, मगे रापणीक काय गावतला?" हे वाक्य पूर्ण युक्तिवाद आहे. त्यात कारण आहे, परिणाम आहे, प्रश्न आहे. तेच मूल 'शुद्ध' बोलायच्या धास्तीने "पर्ससीनमुळे हानी होते" एवढंच म्हणेल. मालवणी असो, संगमेश्वरी असो, कोळी बोली असो, पहिला कच्चा खर्डासुद्धा तिच्यात चालेल. प्रमाणभाषेत आणायचं काम तिसऱ्या खर्ड्याला करता येतं आणि ते काम मुलं आनंदाने करतात, कारण तोवर सांगायचं काय हे ठरलेलं असतं.

दावा एका वाक्यात

दुसऱ्या तासाला प्रत्येकाने एकच वाक्य लिहायचं. साचा असा : जरी… तरी… कारण…

"पर्ससीन वाईट आहे" हा दावा नाही, तो राग आहे. "जरी पर्ससीनमुळे अनेक खलाशांना रोजगार मिळत असला, तरी किनाऱ्याजवळच्या पाण्यात तिला बंदी असावी, कारण रापणीवाल्यांना मासेमारीसाठी दुसरी जागा नाही." हा दावा. 'जरी'मध्ये विरुद्ध बाजूची दखल येते, 'तरी'मध्ये नेमकी मागणी येते आणि 'कारण'मध्ये निबंधाचा कणा. मुलांचं वाक्य ढिलं असेल तर विचारा : नक्की कुठे? कधी? कोणी करायचं? राज्य सरकारचा मासेमारीचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत चालतो. हे कळल्यावर 'समुद्रात बंदी घाला' असं लिहिणारी मुलं आपणहून वाक्य बदलतात.

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर राहू द्या. पुढे पुरावा हाती आल्यावर ते बदलणार आहे आणि बदललेलं चांगलंच. बदललं की जुनं वाक्य खोडू नका, खाली नवं लिहा.

पुरावा आणायला बाहेर पाठवा

वहीचं पान उभं तीन भागांत विभागायला सांगा : काय म्हणतो, कशावरून, म्हणून काय. पहिला रकाना मुलं भराभर भरतात. दुसरा रिकामा राहतो, तिथेच आपलं काम सुरू होतं.

शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. होड्या ओढून शाकारलेल्या असतात, माणसं घरी जाळी विणत बसलेली असतात. मुलाखती घ्यायला याहून चांगला काळ नाही. नारळी पौर्णिमेनंतर कुणाला बोलायला सवड नसते. प्रश्न आधी वर्गात तयार करून घ्या आणि 'तुम्हाला काय वाटतं' यापेक्षा 'तुम्ही काय पाहिलं' असं विचारायला शिकवा. "पूर्वी मासे खूप मिळायचे" या उत्तरावर थांबू नये. पूर्वी म्हणजे कधी? कोणते मासे? कोणत्या महिन्यात? रापणीत किती माणसं होती, आता किती आहेत? एवढं विचारलं की आजोबासुद्धा सावरून बसतात आणि नीट आठवून सांगतात.

मिळालेल्या प्रत्येक माहितीपुढे तीनपैकी एक खूण हवी : पाहिलेलं, ऐकलेलं, नोंदलेलं. तिन्हींना किंमत आहे, पण सारखी नाही. ऐकलेली गोष्ट लिहायला हरकत नाही, ती 'ऐकली' असं लिहिलं म्हणजे झालं.

नोंदलेली माहिती मिळवणं मुलांना वाटतं तेवढं कठीण नसतं. ग्रामसभेचे ठराव ग्रामपंचायतीत असतात. मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना अधिकारी बंदरावर भेटतो. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. शाळेच्या पत्रावर प्रश्न पाठवता येतात. कायदा कुठला हे माहीत असावं : मासेमारीचं नियमन १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली होतं आणि पर्ससीनवर राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घालून तिचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. "सरकारने काहीतरी करावे" असं लिहिणाऱ्या मुलाला हे समजलं की त्याचा प्रश्नच बदलतो. नियम आहे, मग तो पाळला जातो का? पाळला जात नसेल तर कुठे अडतं? निबंध इथून खरा खोल जायला लागतो.

आकडा हाती आला म्हणजे मुद्दा सिद्ध झाला, असंही मुलांना वाटू देऊ नका. वाडीतल्या शाळेचा विषय घ्या. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. मुलगा लिहितो, "दुसरी शाळा एक किलोमीटरच्या आतच आहे, म्हणून वाडीतली बंद करायला हरकत नाही." आकडा खरा असू शकेल. पण वाटेत पऱ्या (ओढा) आहे, साकव जुना आहे आणि जुलैत पाणी साकवावरून गेलं की पलीकडे जायला डांबरी रस्त्याने लांबचा वळसा पडतो. तो एक किलोमीटर मे महिन्यातला. मुलांनी शाळेच्या हजेरीपटावर जुलैतले पलीकडून येणाऱ्या मुलांचे खाडे मोजले, तर त्यांना कुणी न सांगितलेला पुरावा मिळतो. मोजण्याआधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी आणि मुलांची नावं लिहू नयेत.

परिच्छेद : सगळ्यात जास्त वेळ इथे

आपल्याकडे तर्काची एक जुनी घडी आहे. न्यायदर्शनातलं अनुमान पाच पायऱ्यांनी मांडतात. प्रतिज्ञा : डोंगरावर आग आहे. हेतू : कारण धूर दिसतो. उदाहरण : जिथे धूर असतो तिथे आग असते, जसं चुलीपाशी. उपनय : या डोंगरावर तसाच धूर आहे. निगमन : म्हणून तिथे आग आहे. होळीच्या सुमाराला भाजावळीचा (पेरणीआधी शेत भाजण्याचा) धूर रोज पाहणाऱ्या मुलांना हे समजवावं लागत नाही. एखादं मूल लगेच विचारतं, "सर, ते धुकं असलं तर?" त्याला शाबासकी द्या. हेतू तपासायचा कसा, हे त्याने वर्गाला दाखवलं. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वचिंतकाने १९५८ मध्ये दावा, आधार आणि त्या दोहोंना जोडणारं तत्त्व अशी जवळपास हीच मांडणी केली आणि ती आज अनेक देशांतल्या शाळांत शिकवतात. दोन्हींत मुलं ज्या जागी घसरतात ती एकच : जोडणारा दुवा. पुरावा देऊन गप्प बसतात. 'म्हणून काय?' याचं उत्तर वाचणाऱ्याने शोधायचं.

नववीतल्या मुलीचा पहिला परिच्छेद बहुधा असा येतो :

"पर्ससीन मासेमारीमुळे समुद्राची मोठी हानी होते. मासे संपत चालले आहेत. तसेच गरीब मच्छीमारांवर उपासमारीची वेळ आली आहे. त्याचप्रमाणे निसर्गाचा समतोल बिघडतो. म्हणून सरकारने कडक कारवाई केली पाहिजे."

यात एकही चूक वाक्य नाही आणि एकही सिद्ध झालेलं वाक्य नाही. 'तसेच' आणि 'त्याचप्रमाणे' या शब्दांनी एकावर एक रास पडली आहे. पाच मुद्द्यांतला एकच निवडायला सांगा. तिने रापण निवडली असं धरू. आता फक्त विचारत राहा. रापणीला फटका बसतो, कशावरून? पर्ससीनचं जाळं नक्की करतं काय? रापण तिथे का जाऊ शकत नाही? हे तुला कोणी सांगितलं? म्हणून काय करायचं? उत्तरं ती तोंडी देते, तुम्ही एवढंच म्हणायचं : आत्ता बोललीस ते लिही.

"पर्ससीनचा फटका रापणीला बसतो. बांगडा आणि तारली हे मासे थव्याने, पाण्याच्या वरच्या थरात फिरतात. पर्ससीनचे जाळे अख्ख्या थव्याला वेढते आणि खालची दोरी ओढली की तळ बंद होतो, त्यामुळे थव्यातले थोडेच मासे सुटतात. रापण मात्र किनाऱ्यावरून ओढतात. थवा पुळणीजवळ आला तरच तिला मासे मिळतात. म्हणजे अलीकडच्या पाण्यात वेढलेला थवा रापणीच्या वाट्याला येतच नाही. माझे आजोबा रापणीत आहेत. ते सांगतात, की पूर्वी एका ओढीला मिळायची तेवढी वाटणी आता मिळत नाही. हे एका माणसाचे सांगणे आहे, पण वाडीतल्या आणखी तिघांनी मला तसेच सांगितले. रापणीतला माणूस लांब समुद्रात जाऊ शकत नाही, त्यामुळे जे काही राखायचे ते किनाऱ्याजवळच राखायला हवे."

शब्द वाढले म्हणून हा परिच्छेद चांगला झालेला नाही. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यामुळे आलं आहे. शिवाय "हे एका माणसाचे सांगणे आहे" असं लिहिण्यात जो प्रामाणिकपणा आहे, त्यानेच वाचणारा तिच्यावर विश्वास ठेवतो. वर्गात दोन्ही परिच्छेद फळ्यावर शेजारी लिहा आणि मुलांना प्रत्येक वाक्यापुढे त्याचं काम लिहायला सांगा : दावा, कारण, पुरावा, दुवा. एका तासिकेत एवढंच झालं तरी पुष्कळ.

नंतरचा सराव सोपा आहे. आपापल्या परिच्छेदातले सगळे 'तसेच' खोडायचे आणि तिथे 'कारण', 'त्यामुळे', 'तरीही' किंवा 'याउलट' बसतंय का ते पाहायचं. काहीच बसत नसेल तर ती दोन वाक्यं शेजारी असायचं कारण नाही, एक उचलून दुसरीकडे न्यावं लागेल.

पूर्वपक्ष मनापासून मांडा

जुन्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. विरुद्ध बाजू इतकी नीट मांडायची, की त्या बाजूच्या माणसाने मान डोलवावी. मुलं मात्र "काही लोक म्हणतात की पर्ससीन चांगली, पण ते चूक आहे" असं लिहून मोकळी होतात. अशा वाक्याखाली रेघ मारा आणि मुलाला बाकावरच्या दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणीकडे पाठवा. तिचा सगळ्यात जोरदार मुद्दा लिहून आणायचा.

वरच्या निबंधाला असा मुद्दा तयारच आहे : मासे कमी झाले ते पर्ससीनमुळेच कशावरून? तारलीचं उत्पादन समुद्राच्या तापमानाप्रमाणे, अल निनोच्या (पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या) वर्षांत खाली-वर होतं, असं कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. शिवाय पर्ससीनवर काम करणाऱ्यांचीही घरं आहेत. हे वाचून मुलगी गोंधळते. गोंधळू द्या. तिच्यापुढे तीन वाटा आहेत : मुद्दा पूर्ण मान्य करून दावा बदलणं, अर्धा मान्य करून दावा नेमका करणं, किंवा तो मुद्दा इथे का लागू पडत नाही ते दाखवणं. बहुतेक चांगले निबंध दुसऱ्या वाटेने जातात : "हवामानामुळे मासे कमी होतात हे खरे. पण ज्या वर्षी मासे मुळातच कमी असतात, त्या वर्षी आहे तो थवा एकाच जाळ्यात गेला तर रापणीचे नुकसान जास्त होते. म्हणून हवामान बिघडलेल्या काळात नियम अधिक काटेकोर पाळायला हवेत." विरोधकाचा पुरावा तिने आपल्या बाजूला वळवला.

सुरुवात आणि शेवट

सुरुवात सगळ्यात शेवटी लिहून घ्या. प्रश्न काय, तो आज का उभा आहे आणि माझं म्हणणं काय, एवढं चार-पाच वाक्यांत आलं की पुरे. 'मानव हा समाजशील प्राणी आहे' आणि सुभाषितं नकोत. शेवटी कोणी, काय, कधी करावं हे असावं : ग्रामसभेने ठराव करावा, परवाना अधिकाऱ्याने हंगामात गस्त वाढवावी. 'जनजागृती व्हावी' हे वाक्य माझ्या वर्गात चालत नाही. कोणाची, कोणत्या गोष्टीची, कोण करणार, हे लिहिलं तर चालतं.

तपासताना

पन्नास मुलांच्या वर्गात पूर्ण निबंध चारदा तपासणं अशक्य आहे आणि गरजही नाही. पहिल्या खर्ड्यात एकच परिच्छेद वाचा, तो कोणता ते मुलाने ठरवावं. समासात तीन खुणा पुरतात : 'क' म्हणजे कशावरून, 'म' म्हणजे म्हणून काय, 'को' म्हणजे कोण म्हणतं. ऱ्हस्व-दीर्घाची लाल शाई शेवटच्या खर्ड्यापर्यंत उघडू नका. पहिल्याच पानावर वीस लाल गोल पाहिलेलं मूल पुढे जोखीम घेत नाही, सोपी आणि सुरक्षित वाक्यं लिहितं.

दुसरा खर्डा मुलांनी जोडीने तपासावा, शक्यतो विरुद्ध बाजूच्या जोडीदाराने. 'छान लिहिलंय' असा शेरा बाद. दाव्याखाली रेघ, पुराव्याभोवती चौकट, आणि जिथे आपल्याला पटलं नाही तिथे एक खरा प्रश्न. गुण देताना मी अर्धे गुण पुरावा आणि दुवा यांना देतो, उरलेले पूर्वपक्ष, मांडणी आणि भाषा यांत वाटतो. हे प्रमाण मुलांना पहिल्या दिवशी सांगावं.

बोर्डाच्या पेपरात जागा आणि वेळ दोन्ही थोडे. तिथे हाच निबंध लहान करायचा : दाव्याचं वाक्य, दोन कारणं पुराव्यासह, एक पूर्वपक्ष उत्तरासह आणि मागणी. वीस मिनिटांत लिहायचा सराव दिवाळीनंतर सुरू केला तरी चालतो, आधी एकदा सावकाश पूर्ण लिहिलेला असला म्हणजे झालं.

निबंध तयार झाले की ते वर्गाबाहेर गेले पाहिजेत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन्ही बाजूंचा एकेक निबंध वाचायला सरपंचांची परवानगी आधी मागा आणि वाचणाऱ्या मुलांच्या घरी तुम्ही स्वतः जाऊन बोलून या. सभेत लोक जे प्रश्न विचारतील ते दुसऱ्या मुलांनी टिपून आणायचे. पुढच्या तासाला त्याच प्रश्नांची उत्तरं लिहायची, हा चौथा खर्डा. दुसऱ्या सत्रात नवा विषय घ्याल तेव्हा प्रत्येकाला पहिल्या दिवशी ज्या भिंतीपाशी तो उभा राहील, तिच्या समोरच्या भिंतीची बाजू लिहायला द्या.